पणजीचा बंब आणि 23 किलोंची बॅग

व्हिसाचा शिक्का बसला की नाशिकच्या घरात दोन याद्या सुरू होतात. पहिली न्यायच्या सामानाची. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कोंडाजीचा चिवडा, कुकरच्या जास्तीच्या रिंगा आणि शिट्ट्या. ही यादी सासूबाई करतात, सूनबाई तिच्यात खाडाखोड करतात आणि शेवटी वजनकाटा दोघींचंही ऐकत नाही. दुसरी यादी कागदावर कधी उतरतच नाही, कारण ती माळ्यावर असते.

माळ्यावर काय नसतं! पितळी डबे, घंगाळ, एकात एक बसणारी पातेली, पुरणयंत्र, शिसवी पाट, जातं (ते माळ्यावर कोणी आणि कसं चढवलं हे आता कोणीच सांगू शकत नाही), कुणाच्या तरी मुंजीची काचेत बसवलेली पत्रिका. आणि या सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून, तांब्याचा बंब.

ज्यांची आंघोळ जन्मापासून गिझरवर झाली त्यांच्यासाठी सांगायला हवं. बंब म्हणजे उभं तांब्याचं पिंप. मधोमध आरपार नळकांडं, नळकांड्याच्या बुडाशी जाळी, जाळीवर गोवरीचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या आणि कोळसे. भोवती पाणी, खाली पितळी तोटी. वरून धूर, खालून राख, तोटीतून कढत पाणी. घरातल्या आंघोळी होईपर्यंत पेटवणाऱ्याचीही धुराने निम्मी आंघोळ. तोटीच्या वर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं. पणजीचं नाव, सासरच्या आडनावानिशी, खाली ‘सप्रेम भेट’. आणि देणाऱ्याचं नाव जिथे असायला हवं, नेमका तिथेच पोचा.

आता समजा, गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमधलं एक जोडपं दोन मुलांना घेऊन न्यू जर्सीला निघालं आहे. अमेरिकेला जाणाऱ्या साध्या वर्गाच्या प्रवाशाला बहुतेक विमान कंपन्या 23 किलोंच्या दोन बॅगा देत आल्या आहेत. चौघांचे मिळून 184 किलो. ऐकायला हे भरपूर वाटतं, पण बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटिमीटरच्या आत बसावी लागते, आणि बंब हा प्राणी दुमडत नाही. मग निदान पातेली तरी न्यावीत, असा विचार होतो. तिकडच्या घरात इंडक्शनची शेगडी निघाली, तर तिला लोहचुंबक चिकटेल असं बूड लागतं. तांब्या-पितळेला लोहचुंबक विचारत नाही. म्हणजे चार पिढ्यांचं वरण ज्या पातेल्यात शिजलं, ते त्या शेगडीवर ठेवलं तर पाणी कोमटसुद्धा होणार नाही. शिवाय कल्हईवाला न्यू जर्सीत दारावर ओरडत येत नाही. तो हल्ली नाशिकमध्येही क्वचितच येतो.

न्यायचा नाही, हे ठरलं. द्यायचा कुणाला?

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर बंबाचा फोटो पडतो आणि एरवी सुप्रभातापलीकडे न बोलणारी माणसं जागी होतात. डोंबिवलीची आत्या लिहिते, “अरे, तो बंब म्हणजे आमचं बालपण आहे रे! दिवाळीच्या पहाटे त्यातल्या पाण्याने आम्ही पाचही भावंडं न्हायलोय.” भाचा लगेच विचारतो, “मग आत्या, तुझ्याकडेच पाठवू का? टेम्पो करून देतो.” त्यावर बराच वेळ नुसती ‘टायपिंग’ची अक्षरं दिसत राहतात. मग येतं, “माझ्याकडे कुठे रे जागा! पण बाहेर देऊ नका हं.” पुण्याच्या काकांचं म्हणणं, त्यांनी नक्की घेतला असता, पण त्यांच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये जड सामान न्यायला मनाई आहे. ठाण्याचा चुलतभाऊ हात जोडल्याचं चित्र टाकतो. त्याचा अर्थ नमस्कार की क्षमस्व, हे ज्याने त्याने ठरवायचं. एकूण ठराव असा की बंब कुणालाच नको, आणि तो घराबाहेर जायलाही नको. वारसाहक्काच्या कायद्यात हे कलम नाही, पण मराठी घरांत त्याचीच अंमलबजावणी सगळ्यात कडक आहे.

मग कुणीतरी दबक्या आवाजात ‘मोड’ म्हणतं.

नाशिकला या कामासाठी लांब जावं लागत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव पिढ्यानपिढ्या ओळखलं जातं. जुन्या नाशकात तांबट लेन आहे, भांडी बाजार आहे, हाकेच्या अंतरावर सराफ बाजार आहे. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरनेही इथल्या भांड्यांची दखल घेतली होती. म्हणजे बंब जिथे जन्मला असेल, त्याच गल्लीत त्याला परत घेऊन जायचं. दुकानदार त्याला बोटाने टिचकी मारतो, वाकून नळकांड्यातून पलीकडचं पाहतो आणि वजाबाकी सुरू करतो. तोटी पितळेची, तिचा भाव वेगळा. कडी लोखंडाची, ती वजा. जाळी वजा. झाळकाम केलंय तेवढं वजा. आतला क्षारांचा थर वजा. पणजीचं माहेर, दिवाळीची पहाट आणि आत्याचं बालपण यांना काट्यावर वजनच नसतं. त्यामुळे ते वजा करायचीही वेळ येत नाही. सगळं जमत आलेलं असताना तो सहज तोटीवरचं नाव मोठ्याने वाचतो आणि विचारतो, “ह्या आपल्या कोण?” झालं. बंब त्याच रिक्षाने घरी परत.

इथवर बंबाच्या वयाचा प्रश्न कुणी काढलेला नसतो. घरात तो नेहमी ‘दीडशे वर्षांचा’ असतो. तसा तो तीस वर्षांपूर्वीही दीडशे वर्षांचाच होता. आता मात्र एखादा माहीतगार स्नेही सांगतो की पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 नावाचा एक कायदा आहे. 5 एप्रिल 1976 पासून तो लागू आहे. शंभर वर्षं पूर्ण झालेली नाणी, मूर्ती, चित्रं, कलाकुसरीच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. महत्त्वाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना तर पंचाहत्तर वर्षंच पुरतात. नियम मोडला तर कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, वर दंड. वस्तू तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसं प्रमाणपत्र घेता येतं. हे ऐकताच बंब एका रात्रीत तरुण होतो. “छे हो, दीडशे कुठले! आजोबांनी साठ सालानंतर घेतला असेल.” बायकांच्या वयाबद्दल उगाच विनोद केले जातात, वयाच्या बाबतीत तांब्याची भांडी जास्त लवचीक असतात.

बंब तर जाणारच नव्हता, पण या कायद्याचा खरा दणका बसतो तो देवघरातल्या डबीला. लक्ष्मीपूजनाला ताटात मांडायचे चांदीचे रुपये तिच्यात असतात. एकेक रुपया 11.66 ग्रॅमचा. एखाद्यावर व्हिक्टोरिया राणी, बाकीच्यांवर पंचम जॉर्ज. व्हिक्टोरिया 1901 साली वारली, तेव्हा तिचा प्रश्नच नाही. पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये 1911 ते 1922 या काळातले. म्हणजे त्यातला शेवटचा रुपयाही 2022 साली शंभरी गाठून पुरावशेषांत जाऊन बसला. दरवर्षी दिवाळीत दुधाने धुतलेली ही डबी हातसामानात टाकून विमानतळावर गेलेला माणूस स्वतःला भाविक समजत असतो. कायद्याच्या लेखी तो वेगळाच कुणी असतो.

पंचवटीतल्या जुन्या घरांत आणखीही गमती निघतात. आजोबा ज्यावर संध्येला बसत ते मृगाजिन वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. ते विमानात नेता येत नाहीच, इथल्या इथे विकताही येत नाही. शिसवी पाट आणि पाळणा यांचं लाकूड 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात आहे, आणि दहा किलोंच्या वर लाकूड न्यायचं तर परवाना लागतो. दसऱ्याला झेंडूची माळ घालायची तलवार शस्त्र कायद्यात. घरात ज्या ज्या वस्तूपुढे माणसं मान तुकवत आली, तिच्यासाठी दिल्लीत एकेक कायदा तयार असतो.

नाशिकची सगळ्यात नावाजलेली वडिलोपार्जित चीज मात्र असल्या कोणत्याही कायद्याच्या आधीच परदेशी गेली. तिचं नावच नाशिकचं आहे. इंग्रज तिला ‘नासाक डायमंड’ म्हणत. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला हा हिरा दुसऱ्या बाजीरावाकडे आला. 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनला रवाना झाला. बाजीरावाची पाठवणी बिठूरला झाली. म्हणजे स्थलांतर दोघांचंही झालं, पण आपल्या चीजवस्तूला चांगलं घर पाहायला त्याला सवड मिळाली नाही. हिऱ्याने आपलं आपण पाहिलं. 1837 मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसच्या घरी गेला आणि त्याच्या दरबारी तलवारीच्या मुठीत बसला.

पुढची हकीकत तर प्रत्येक सामान बांधणाऱ्याने वाचावी अशी. पॅरिसच्या एका जवाहिऱ्याने 1927 च्या सुमाराला हा हिरा अमेरिकेत आणला. शंभर वर्षांवरच्या कलात्मक प्राचीन वस्तूला तिकडे जकात माफ. तेव्हा हा हिरा प्राचीन कलावस्तू आहे, असा त्याचा दावा होता. अमेरिकी जवाहिऱ्यांना ते रुचलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं, आणि 1930 मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, हिरा जुना असेल, पण कलात्मक प्राचीन वस्तू नव्हे, जकात भरा. शंभर वर्षांची तीच रेघ, पण इकडे ती ओलांडली की वस्तूला जाऊ देत नाहीत आणि तिकडे ओलांडली की फुकट येऊ देतात. मधल्या समुद्रात वस्तूने काय करायचं?

हिरा मुळात 89 कॅरटच्या आसपास होता. कापून, पैलू पाडून 1940 मध्ये तो 43.38 कॅरटवर आला. परदेशी गेलेल्या इतर नाशिककरांचं वजन वाढतं, याचं तेवढं निम्मं झालं. 1970 च्या न्यूयॉर्कच्या लिलावात तो पाच लाख डॉलरला गेला आणि पुढे रॉबर्ट मौवाद या लेबनीज संग्राहकाकडे पोचला. इतकी घरं फिरला, पण प्रत्येक घरात त्याला काम एकच होतं, कडीकुलपात राहायचं.

याच्या उलट उदाहरण रामकुंडाजवळ टांगलेलं आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या. त्यांतली एक मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर आहे आणि एक नाशिकला, नारोशंकराच्या देवळात. नारोशंकर राजेबहादुरांनी गोदाकाठी हे देऊळ 1747 मध्ये बांधलं. घंटेवर साल 1721 चं आहे. लुटीत आलेल्या वस्तूला नवं घर मिळालं म्हणून कौतुक करावं की नाही, यावर इतिहासाच्या प्राध्यापकांनी वाद घालावा. पण घंटेला इथे येताच काम मिळालं, ही गोष्ट खरी. गोदेला पूर आला की पाणी कुठवर चढलं हे सांगताना लोक आजही तिचं नाव घेतात, आणि मोठ्या आवाजात अखंड बोलणाऱ्या बाईला किंवा बुवाला नाशकात ‘नारोशंकराची घंटा’ ही पदवी विनाशुल्क मिळते. तीनशे वर्षांची परदेशी वस्तू एखाद्या गावात याहून जास्त काय रुळणार? तोटीवरच्या नावात गुंतून पडलेल्या मंडळींनी हिरा आणि घंटा यांचा मुक्काम ताडून पाहावा. जिला काम मिळालं, ती घरची झाली.

संग्रहालयाचा विचार प्रत्येकाला सुचतो, आणि जरा घाईने सुचतो. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, कवितेत ‘अज्ञातवासी’, यांनी आयुष्यभर वाड्यावाड्यांतून हेच तर गोळा केलं: अडकित्ते, दिवे, दऊती, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि 1975 मध्ये वीस हजारांच्या घरातल्या वस्तू महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केल्या. त्यातल्या अडीचेक हजारच मांडलेल्या असतात. याचा हिशेब बंबवाल्यांनी करावा. ज्या संग्रहालयाचं स्वतःचं सामान माळ्यावर आहे, ते तुमचं माळ्यावरचं सामान कशाला मागेल? त्याला बंब नको असतो, बंबाची हकीकत हवी असते: कुणी घडवला, कधी, किती रुपयांना, कोणत्या वाड्यात होता. आणि नेमकी ती पोच्यात गेलेली असते.

तरी काही दारं खरोखर उघडी आहेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. त्याचं स्वतःचं वस्तुसंग्रहालयही आहे. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. परमेश्वरीलाल गुप्ता यांच्यासारख्या नाणेतज्ज्ञाने ती उभी करायला हात लावला. शिवराया आणि ढब्बू पैसे मोडीत घालण्याआधी निदान तिथे दाखवून यावेत. पोथ्या असतील तर पुण्यात आनंदाश्रम, भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर संस्था आहेत. आधी फोन करावा, फोटो पाठवावेत. संस्थेच्या दारात पोतं ठेवून पळून जाण्याची पद्धत आहे, ती बंद व्हावी.

देवांचं काय करायचं हा सगळ्यात नाजूक भाग. टाक थोरल्या घरी जातात, हा रिवाज. पण थोरलं घर आधीच सिडनीत असलं तर? नाशिककराला अशा वेळी गोदावरी दिसते. तसबिरी, भंगलेल्या मूर्ती, जुने देव्हारे घेऊन लोक पुलावर जातात, हात जोडतात आणि काचेसकट सगळं नदीत सोडतात. हे पाहून नाशिकच्याच एका वकील बाईंनी 2019 मध्ये ‘संपूर्णम सेवा फाउंडेशन’ सुरू केलं. तिथे मूर्तींची आणि तसबिरींची विधिवत उत्तरपूजा होते, मग लाकूड, काच, कागद, प्लास्टर वेगवेगळं करून त्यातून पुन्हा उपयोगाच्या वस्तू केल्या जातात. नदीत विरघळायचं नाटक करणाऱ्या प्लास्टरच्या गणपतीला यापेक्षा बरी गती दुसरी नाही.

आता बंबाकडे. हल्ली नाशिकच्या आसपास त्याला एक नवी मागणी आली आहे. शहराबाहेर मिसळीची ठिकाणं निघाली, कृषी पर्यटन केंद्रं निघाली. त्यांना दारात बैलगाडी, छताला कंदील आणि कोपऱ्यात बंब लागतो. रविवारी सकाळी पणजीच्या नावाला टेकून लोक फोटो काढतात, वर तर्री वाढते, पाव संपतात. डोंबिवलीच्या आत्याला हे कळलं तर ती काय म्हणेल ते सांगायला नको. पण खरं पाहिलं तर माळ्यावरच्या तीस वर्षांत त्या नावाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. इथे निदान चार पोरं विचारतात, “बाबा, ही कसली टाकी?” आणि कुठल्यातरी टेबलावरचा आजोबा हात पुसत उठतो आणि गोवरीपासून सुरुवात करतो.

तरीही मिसळवाल्याच्या आधी एक घर विचारून पाहावं. लग्नाकार्याचा स्वयंपाक करणारे आचारी, गावचं देऊळ, एखादं वसतिगृह, नाहीतर ज्या बाईंनी वीस वर्षं तुमच्याकडे धुणंभांडी केली त्यांचं घर. यांना परात, पातेली, पिंप खरोखर लागतात. ही माणसं यादीत सगळ्यात शेवटी येतात. कारण नातेवाइकांचा नकार पूर्ण व्हायला व्हिसाच्या मुदतीपेक्षा जास्त वेळ लागतो. देताना ‘परत आलो की घेऊ’ असं म्हणू नये. दिलेल्या परातीवर हक्क ठेवून गेलेला माणूस परदेशातूनही तिची चौकशी करत राहतो आणि समोरच्याला पुरणपोळीची कणीक मळताना उगाच दडपण येतं.

निघायच्या गडबडीत आणखी एक काम उरकून घ्यावं. नाशिकच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या आहेत. पूर्वी कुणी तीर्थाला आलं की घरातल्या माणसांची नावं त्यांत चढत. कितीतरी घराण्यांच्या पणजी-पणजोबांची नावं आजही तिथे आहेत, आणि त्यांना ना विमानाचं वजन लागतं ना पुरातत्त्वाचं प्रमाणपत्र. मुलांना घेऊन तिथे जा, त्यांची नावं आणि नवं गाव लिहून या. फक्त जाताना आडनाव, मूळ गाव आणि मागच्या दोन-तीन पिढ्यांची नावं नीट विचारून जा. तेवढ्याशिवाय वही सापडत नाही.